पळतीचा क्रम

“शाले, जरा भाईर ये. कुणाला उठवू नको.”

संजीवनी कोळेकर वर्गाच्या दारात उभी होती. सगळा भार तिनं डाव्या पायावर घेतला होता, हे मला अंथरुणातूनच दिसलं. खो-खो खेळणाऱ्या मुली समोरच्याच्या तोंडाकडं नंतर बघतात, पायांकडं आधी. मी पांघरूण बाजूला केलं आणि बाकीच्या दहाजणींना ओलांडत बाहेर आले.

सत्त्याण्णवचा जानेवारी होता. कर्नाटकातल्या एका विद्यापीठानं त्या साली मुलींची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवली होती आणि आमची सोय एका प्राथमिक शाळेत केली होती. पाच दिवस आम्ही पहिलीच्या वर्गातली बाकं जोडून झोपत होतो आणि तिन्ही त्रिकाळ भात खात होतो. आमच्यातल्या एकीनं तर भाकरीचं स्वप्न पडलं म्हणून सकाळी रडून घेतलं होतं. आदल्या दिवशी आम्ही सेमीफायनल हरलो होतो. आता उरला होता तिसऱ्या क्रमांकाचा सामना, सकाळी साडेनऊचा.

संजीनं नळाजवळ नेऊन ट्रॅकपँट वर केली. उजवा गुडघा एवढा सुजला होता की वाटी कुठं आहे ते कळत नव्हतं.

“कधीपासनं?”

“काल खांबावर वळताना आत काय तरी कट् झालं. रातभर ठणकतोय.”

“चल, सरांना सांगू.”

“खुळी हाईस का? सर दवाखान्यात नेतील. डॉक्टर लिहून देईल. एकदा कागद झाला की भरतीत मला उभं तरी करतील का? गुडघा महिन्याभरात बरा हुतोय गं. कागद बरा हुत न्हाई.”

ती म्हणत होती ते खरं होतं. पोलीसभरतीचा अर्ज आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच पोस्टात टाकला होता. खेळाडूंसाठी थोड्या जागा होत्या आणि अट सरळ होती: अखिल भारतीय स्पर्धेत संघ पहिल्या तिनात हवा. पहिले दोन क्रमांक आदल्या दिवशीच आमच्या हातून गेले होते.

“मग करायचं काय?”

“कप्तान तू हाईस. पळतीच्या क्रमात मला तिसऱ्या तुकडीत घाल. आधीच्या दोन तुकड्यांनी येळ काढला तर माझ्यावर पाळीच यायची न्हाई. आणि पाठलागात मी कडेच्या चौकात बसते. तिथं कसंबी निभवीन.”

ज्यांनी खो-खो लांबूनच पाहिला आहे त्यांना एवढं सांगायला हवं. पळणाऱ्या नऊजणी एकदम मैदानात उतरत नाहीत, तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, ती गेली की तिसरी. हा क्रम कप्तान कागदावर लिहून पाळी सुरू व्हायच्या आधी गुणलेखकाच्या टेबलावर देतो. दिला की दिला. मग आभाळ कोसळलं तरी त्यात बदल होत नाही. पहिल्या तुकडीत सगळ्यांत चिवट मुली घालायच्या ही आमची पद्धत, कारण पाठलाग करणाऱ्या तेव्हा ताज्या असतात. कॉलेजच्या संघात दोन वर्षं आणि विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी, मी तो कागद लिहीत आले होते. पहिलं नाव कायम कोळेकर.

“घालते तिसऱ्या तुकडीत,” मी म्हटलं.

“शप्पथ?”

“शप्पथ.”

तिनं पँट खाली केली, माझ्या खांद्याला धरून दोन-चार पावलं टाकली आणि मग खांदा सोडून नेहमीसारखी चालू लागली.  मला त्या मुलीची फार माया होती, हे इथंच सांगून टाकते. तिची आई वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायची आणि संजी त्याच वसतिगृहात राहायची. मुली पोळीला नावं ठेवायला लागल्या की ही ताट घेऊन दुसरीकडं जाऊन बसायची. मी तिच्याबरोबर जाऊन बसायची.

माझं घर त्या मानानं बरं. वडील सूतगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. पण घरात एक गोष्ट ठरून गेली होती: भरतीत नाव लागलं तर नोकरी, नाहीतर अक्षय्य तृतीयेला लग्न. मुलगा कुपवाडचा, स्वतःचा ट्रक असलेला. त्याला मी एकदा बघितलं होतं. वाईट नव्हता. पोहे खाऊन होईपर्यंत तो माझ्याबद्दल सगळं माझ्या वडिलांना विचारत होता आणि मी समोर बसले होते, एवढंच. “खेळते म्हणं. लग्नानंतर कशाला खेळंल?” असं म्हणून तो हसला होता आणि वडीलही हसले होते. त्या हसण्याची मला धास्ती बसली होती.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पहिल्या डावात मी शब्द पाळला. संजीचं नाव तिसऱ्या तुकडीत, अगदी शेवटी. त्याचं फळ लगेच मिळालं. तिच्याविना उतरलेली पहिली तुकडी दोन मिनिटं पण टिकली नाही. दुसरी तुकडी घाबरूनच आत गेली. शेवटी तिसरी उतरलीच. वेळ संपायला थोडे सेकंद होते म्हणून संजी खांबाजवळच घुटमळत राहिली आणि वाचली.

मगदूम सर माझ्याकडं तरातरा आले. सर आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि त्या वर्षी विद्यापीठ संघाचेही प्रशिक्षक. बुटका माणूस, आवाज मात्र दोन मैदानं ओलांडून जाणारा.

“कोळेकरला मागं कशी काय टाकलीस गं?”

“त्यांना गोंधळात टाकायचं होतं, सर. त्या तिचाच अभ्यास करून आल्यात.”

“कोण गोंधळलं त्यात? आपल्याच पोरी गोंधळल्या! अगं, नोकऱ्या लागायच्यात तुमच्या, का गंमत करायला आलाय इथं?”

संजी शेजारीच बसून बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या डावात आधी आमचा पाठलाग होता. तो आम्ही जिवाच्या करारावर केला. मी स्वतः दोन गडी खांबावर सूर मारून बाद केले. कोपरं सोलून निघाली, पण तेव्हा काही जाणवलं नाही. संजी कडेच्या चौकात बसली होती. तिला दोनदाच खो मिळाला आणि दोन्ही वेळा तिनं चार पावलांत पुढचीला खो देऊन सुटका करून घेतली. पाठलाग संपला तेव्हा हिशेब असा झाला: शेवटची पाळी आमची पळतीची. त्यांनी आमचे सहा गडी बाद केले तरी आम्ही एका गुणानं पुढं राहणार. सातवा गेला की बरोबरी, आणि मग जादा डाव. जादा डाव खेळायला आमच्या कुणाच्या पायांत काही उरलं नव्हतं.

मधल्या विश्रांतीत सरांनी मला कागद दिला.

“डोकं ठिकाणावर ठेवून लिही,” एवढंच म्हणाले, आणि पाणी मागवायला गेले.

मी मैदानाच्या कडेला, आमच्या बाकापुढं मांडी घालून बसले, कागद पाठीमागच्या पुठ्ठ्यावर धरला, नऊ नावं लिहिली आणि टेबलावर नेऊन दिली. गुणलेखक कानडी होता. त्यानं चष्म्यातून नावं वाचली, समोर छातीवरचे नंबर टाकले आणि शिक्का मारल्यासारखी खाली सही केली.

पंचानं शिट्टी दिली आणि पहिल्या तुकडीचे नंबर पुकारले.

“सेवन. फोर. इलेव्हन.”

सात नंबर संजीचा.

ती बाकावर बसली होती. तिनं आधी स्वतःच्या छातीकडं बघितलं, नंबर नीट ऐकला का म्हणून, असं मला वाटलं. मग माझ्याकडं.

मी पळत तिच्याजवळ गेले. “संजे, हात सवयीनं गेला गं. ध्यानातच आलं न्हाई. आता बदलता पण यायचं न्हाई.”

“व्हय,” ती म्हणाली. “आता कुठं बदलतंय.”

तिनं गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा आवळून बांधला, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, एक घोट प्याली, बाटली परत दिली आणि आत गेली.

त्यानंतरची तीन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि विसरायचा प्रयत्न खूप केला आहे. चार नंबरची मुलगी पस्तीस सेकंदांत गेली. अकरा नंबर दीड मिनिट टिकली. संजी पळतच राहिली. ती उजवीकडं वळत नव्हती. एकाच बाजूनं हुलकावणी द्यायची, सरळ पळायचं, पुन्हा त्याच बाजूनं वळायचं. समोरच्या मुलींना हे कळायला अडीच मिनिटं लागली. कळल्यावर त्यांनी तिला खांबाकडं ढकलत नेलं, जिथून उजवीकडं वळल्यावाचून सुटका नव्हती. आणि संजी वळली. दोन वेळा वळली. दुसऱ्या वेळी पाय जमिनीवर टेकला तिथंच राहिला आणि ती वरून फिरली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. ती खाली बसली आणि मागून आलेल्या मुलीनं तिच्या पाठीला अगदी हळू हात लावला. बाद करायचं म्हणून लावावाच लागतो. त्या मुलीच्या चेहऱ्यावर मी वाईट वाटलेलं पाहिलं.

तीन मिनिटं दहा सेकंद. त्या स्पर्धेत तेवढा वेळ कुणीच पळालं नाही.

पुढं सगळं कागदावर मांडल्यासारखं झालं. दुसरी तुकडी रेटून पळाली. सहावा गडी बाद झाला तेव्हा चाळीस सेकंद उरले होते आणि तिसऱ्या तुकडीत मी होते. ते चाळीस सेकंद मी कशी पळाले मला सांगता येणार नाही. शेवटची शिट्टी झाली, मुलींनी मला उचललं, सर लहान पोरासारखे उड्या मारत होते. उचललेली असताना वरून मला गुणलेखकाचं टेबल दिसलं. टेबलाशेजारी संजी पाय लांब करून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा इकडं-तिकडं हलवून पाहिला आणि सरांना इंग्रजीत बरंच काही सांगितलं. सरांचा चेहरा उतरत गेला. आतली शीर तुटली होती. आणि ती आज तुटली नव्हती, काल निम्मी तुटली होती, आज पूर्ण.

सर कॉटजवळ आले. आवाज एकदम लहान झाला होता.

“काल दुखत होतं आणि सांगितलं न्हाईस? आणि तुला पहिल्या तुकडीत लावली कुणी?”

 संजी छताकडं बघत होती.

“मीच सांगितलं, सर, मला लाव म्हणून. शालनला गुडघ्याचं काय म्हाईत नव्हतं.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल मैत्रिणीसाठी रडतेय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. त्या हाताचं ओझं वाटलं मला.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाहेर कुणीतरी स्टीलची भांडी घासत होतं.

“संजे…”

“सवयीनं लिहिलंस म्हणालीस न्हवं मघाशी?”

“व्हय.”

“मी बाकावर तुज्या मागंच हुते, शाले. मला कागद दिसत हुता.” तिनं अजून माझ्याकडं बघितलं नव्हतं. “पहिली ओळ तू मोकळी सोडलीस. दुसऱ्या नंबरपासनं खाली आठ नावं लिहिलीस. मग पेन धरून बसलीस. लई येळ बसलीस. मग वर जाऊन माझं नाव लिहिलंस. सवयीनं लिहिणारी बाई पहिलं नाव पहिलं लिहिती.”

  तसंच झालं होतं. आठ नावं लिहून झाल्यावर एकच ओळ आणि एकच नाव उरलं होतं, आणि मी त्या मोकळ्या ओळीकडं बघत कुपवाडच्या पोह्यांचा विचार केला होता. सगळं कळत असून मी ते नाव वर लिहिलं. आज अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदाच हे कुणाला तरी सांगतेय.

“तुला दिसलं हुतं,” मी कशीबशी म्हणाले, “तर मग आत का गेलीस? खाली बसायचं, पाय मुरगळला म्हणायचं.”

“नंबर पुकारल्यावर?” तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं, आणि खरंच नवल वाटल्यासारखं पाहिलं. “नंबर पुकारल्यावर कोण बसतंय गं?”

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, “बास. आणि सरांना खोटं सांगितलं ते तुज्यासाठी न्हाई. दुखापत लपवून खेळवली म्हणून कुणी तक्रार केली असती तर बाराजणींचं प्रमाणपत्र लटकलं असतं. त्यात माझंबी आलं.”

“तुजा पाय बरा हुईल, संजे.”

“न्हाई हुणार. डॉक्टर सरांशी बोलताना मी त्याच्या तोंडाकडं बघत हुते.” ती उशीवर जरा सरकली, दुखलं, थांबली. “आता एक ऐक. तू भरती हो. आणि एकदा झालीस की मधीच सोडून घरी बसायचं न्हाई. जीव गेला तरी न्हाई. माझा पाय तुज्या नोकरीत गेलाय. तू सोडलीस तर तो फुकट गेला.”

तेवढ्यात सर औषधं घेऊन आले.

प्रमाणपत्र बाराहीजणींना मिळालं, एकसारखं, सोनेरी किनारीचं. भरतीला आम्ही दोघी गेलो. प्रमाणपत्र खेळाडूच्या जागेपर्यंत नेतं, पुढची धावण्याची चाचणी ज्याची त्यानं द्यायची असते. संजी शिट्टी झाल्यावर पळाली. अर्ध्या फेरीत बाजूला झाली आणि कुंपणाजवळ उभी राहून मला ओरडून सांगत राहिली, “शाले, श्वास सांभाळ! श्वास!” मी तिसरी आले. त्या साली अक्षय्य तृतीयेला मी प्रशिक्षण केंद्रात कवायत करत होते.

नोकरीत माझं बरं चाललं असं सगळे म्हणतात. आधी चार-पाच वर्षं पोलिसांच्या संघातून खेळले, मग खेळ सुटला आणि नुसती नोकरी उरली. लग्न उशिरा केलं, माझ्या पसंतीनं. आता सहायक फौजदार आहे आणि ठाण्यात ड्युटी लावायचं काम माझ्याकडं आहे. गणपतीला कोण कुठं उभा राहणार, मोर्च्याला कोण, कोर्टात कोण, ती नावं मी लिहिते. पाय दुखतो म्हणणाऱ्याला मी कधी दाखला मागत नाही, लगेच खुर्चीतली ड्युटी देते. ठाण्यातले लोक त्याचा फायदा घेतात हे मला माहीत आहे. घेऊ देत.

मला ही नोकरी आवडत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या पाच वर्षांतच नकोशी झाली होती. मुलगा तापानं फणफणलेला असताना मी अठरा-अठरा तास मिरवणुकीत उभी राहिले. सासूबाई गेल्या तेव्हा बंदोबस्तातून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता माझेच दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात वाट्या बदला. नवरा कधीपासून म्हणतोय, सोड, आपलं भागतंय. गेल्या मार्चमध्ये मी एकदाचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. प्रती काढायच्या होत्या.

संजीचं आमच्या कॉलेजसमोरच झेरॉक्सचं दुकान आहे. गावात दुसरी दहा दुकानं आहेत, तरी मी तिथंच गेले. का गेले, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती उंच स्टुलावर बसली होती, उजवा पाय पुढं खोक्यावर. कॉलेजच्या दोन मुली स्पर्धेच्या प्रमाणपत्रांच्या प्रती काढायला आल्या होत्या. त्या हॉकीच्या होत्या बहुतेक.

“ये गं. चहा सांगू?”

“नको. तीन प्रती काढ.”

तिनं अर्ज हातात घेतला. कागद मशीनवर ठेवायच्या आधी ती कुणाचाच वाचत नाही. माझा वाचला. सगळा वाचला, खालच्या सहीपर्यंत. मग तो नीट जुळवून, कोपरे सरळ करून माझ्या हातात परत दिला.

“मशीन बंद हाय,” ती म्हणाली.

मागं मशीन सुरूच होतं. तिनं त्या दोन मुलींची प्रमाणपत्रं घेतली आणि एकेक करून काचेवर ठेवायला लागली. दिव्याचा पट्टा तिच्या तोंडावरून सरकत होता. मी थोडा वेळ उभी राहिले. ती माझ्याकडं बघेल असं वाटलं होतं. तिनं बघितलं नाही.

मी अर्ज पर्समध्ये घातला आणि ठाण्यात परत आले. दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्या लावायच्या राहिल्या होत्या. निवृत्तीला अजून आठ वर्षं आहेत.